व्याख्यानमालेला ५ लाख: एकरकमी की दरवर्षी?

सर, नमस्कार.

तुमचं पत्र थोडक्यात असं: तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंत, निवृत्तिवेतन महिना ४२ हजार, ठेवी २८ लाख. त्यातले ५ लाख तालुक्याच्या वाचनालयाला कायम निधी म्हणून द्यायचे आणि व्याजातून दरवर्षी संविधान दिनाला, २६ नोव्हेंबरला, राज्यघटना आणि मतदार या विषयांवर तीन व्याख्यानं व्हावीत. काकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन मात्र पुढच्या वर्षी आहे.

वाचनालयाच्या कार्यवाहांनी ८०जीची, म्हणजे देणगीवर करवजावट मिळवून देणारी, पावती मिळेल असं सांगितलंय. पावती घ्या, पण तिच्या मोहात पडू नका. निवृत्तिवेतन आणि व्याज धरून तुमचं वर्षाचं उत्पन्न सात लाखांच्या आसपास जातं. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्यच आहे, आणि ८०जीची वजावट तिथे मुळात मिळतच नाही. म्हणजे दान द्यायचं ते व्याख्यानांसाठी, कर वाचवण्यासाठी नाही.

आता खरा हिशेब. ५ लाखांवर ७ टक्क्यांनी ३५ हजार येतील. आज त्यात वक्त्यांचा प्रवास, मुक्काम, मानधन, ध्वनिक्षेपक कसंबसं बसेल. महागाई ६ टक्के धरली तर बारा वर्षांत हाच खर्च सत्तर हजार होतो, व्याज मात्र ३५ हजारच. तीनाचं एक व्याख्यान झालं, मग हार-नारळापुरतं उरलं, असे कित्येक स्मृतिनिधी मी पाहिलेत. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली, ती आजही चालते. एवढा पल्ला कुणा एकाच्या ठेवीवर गाठला जात नाही, दर पिढीत उभं राहणारं कुणीतरी लागतं.

म्हणून आज एकरकमी देऊ नका. पहिली तीन वर्षं ३५-३५ हजार चेकने द्या. माणसं येतात का, कार्यवाह बदलले तरी कार्यक्रम होतो का, ते बघा. काकूंचं ऑपरेशनही तोवर उरकेल. कायम निधीची रक्कम मृत्युपत्रात लिहा. त्यात 'फक्त व्याज वापरावं, त्यातलाही तिसरा हिस्सा मुद्दलात घालावा' अशी स्पष्ट अट टाका.

अमेरिकेतल्या पुतण्याचे डॉलर या निधीत सध्या नकोत. तो तिकडचा नागरिक झालाय, त्यामुळे त्याची देणगी परदेशी ठरते आणि ती घ्यायला वाचनालयाकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी. तुमच्या खात्यातून ती वळवायचा विचारही करू नका. गावी येईल तेव्हा त्याला पहिल्या रांगेत बसवा.