आवाज कमी करा, माणसं जवळ बसवा

स्पीकरवाले मामांना विचारा

(मामांनी केज-कळंब पट्ट्यात उभी हयात मंडप-स्पीकरचा धंदा केला. गोंधळ, भारूड, जलसे, कव्वाल्या, कीर्तनं आणि निवडणुकीच्या सभा, सगळ्यांचे माइक त्यांनीच लावले. या खेपेला बरीच पत्रं जिवंत कार्यक्रम पुन्हा सुरू करण्याविषयी आली.)

प्रश्न : मामा, आमच्या गावात चैत्रात देवीची जत्रा भरते. कोरोनाआधी जत्रेत गोंधळ आणि भारूड व्हायचं. २०२० आणि २०२१ ला जत्राच झाली नाही. नंतर जत्रा सुरू झाली, पण तेव्हापासून नुसता डीजे. आम्हा काही पोरांना यंदा गोंधळ ठेवायचाय. म्हातारे म्हणतात, पोरं बसणार नाहीत. मंडळ म्हणतं, कलाकार राहिलेत कुठं? आम्ही काय करावं? (बी.ए. तिसरं वर्ष, ता. केज)

लेकरा, कलाकार आहेत. तू ते स्टेजवर शोधतोयस, अन् ते बसलेत दुसरीकडंच. त्या दोन वर्षांत गोंधळ-भारुडाच्या पार्ट्या मोडल्या. शासनानं एकल कलावंतांना एकरकमी ५,००० रुपये जाहीर केले, पण तेवढ्यात घर किती दिवस चालतं? झांजवाला पुण्याला वॉचमन झाला, तुणतुणंवाल्यानं पिकअप घेतली, कुणी कोयता घेऊन ऊसतोडीच्या टोळीत गेला. १ एप्रिल २०२२ पासून सगळे निर्बंध उठले, पण माणसं काही लगेच परत आली नाहीत. त्यामुळं अख्खी पार्टी शोधत बसू नको. एक संबळवाला गाठ. तुळजापूरला किंवा अंबाजोगाईला योगेश्वरीच्या देवळाजवळ चौकशी केलीस की नाव निघतं. बाकीची माणसं तोच गोळा करतो, कोण कुठं कामाला आहे ते त्यालाच ठाऊक असतं.

तुझ्या कॉलेजातही विचार. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात पोरं गोंधळ, भारूड, पोवाडा, जलसा सगळं करतात. त्यांना शिकवायला पुष्कळदा जवळपासचाच एखादा जुना गोंधळी येतो. बक्षीस पोरांना मिळतं अन् गुरूचं नाव कागदावर येत नाही. ते नाव तू काढ.

मग पैशाचं बोल, अन् पहिल्याच भेटीत बोल. मला या एका गोष्टीचा लई राग आहे. डीजेवाल्याला आपण महिना आधी विसार देतो. ऊसतोडीला माणूस न्यायचा तर मुकादम आधी उचल मोजतो. गोंधळ्याला मात्र नुसतं तोंडी सांगायचं, "या, देवीचं काम आहे." देवीचं काम त्याच्या बापानंही केलं, आजानंही केलं. त्याला बिदागी किती ते विचार, परवडत नसेल तर तसं सांग, अन् ठरली की निम्मी हातावर ठेव. उरलेली त्याच रात्री, संबळ पिशवीत जायच्या आत. जेवण कार्यक्रमाआधी द्यायचं का नंतर, हेही त्यालाच विचार. भरल्या पोटी आख्यान लावायला बरेच जण तयार नसतात.

तारीख धरताना गावात माणसं आहेत का ते बघ. आपल्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या कारखान्यांकडं निघतात अन् उसाच्या मानानं फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान परततात. म्हणून मार्गशीर्षात ठेवलेल्या कार्यक्रमाला म्हातारी अन् शाळकरी पोरं एवढीच राहतात. तुझी जत्रा चैत्रातली आहे, हे बरं. तरी पाडव्यानंतर मुकादमाला फोन करून टोळी परतली का ते विचारून घे.

वेळेचं ऐक. पूर्वी गोंधळ रात्रभर चालायचा, पहाटे आरती. आता ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद. सणासुदीला वर्षात १५ दिवसांपर्यंत रात्री १२ ची सवलत देता येते. त्या दिवसांत तुमच्या जत्रेचा दिवस बसतो का, ते पोलीस ठाण्यात आधी विचार. परवानगी लेखी घे. शिपाई ओळखीचा आहे म्हणून गप्प राहू नको, बदल्या होतात. सात वाजता संबळ वाजलं पाहिजे. देवदेवतांना गोंधळाला बोलावणं झालं की आख्यान लगेच धरायला सांग, म्हणजे आरतीसाठी घड्याळाकडं बघायची पाळी येत नाही. तुमच्याकडं चौक भरून, दिवटी पेटवून विधीचा गोंधळ हवाय का नुसतं सादरीकरण, हेही आधी बोलून घे. विधी असेल तर काय कापायचं अन् काय नाही, ते गोंधळी ठरवील. मंडळाच्या अध्यक्षानं त्यात तोंड घालू नये.

आता माझ्या धंद्याचं. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. घरात चटणी वाटायचा मिक्सरसुद्धा त्याच्या वर जातो, मग डीजेचं काय बोलायचं! पण गोंधळाला आवाज मुळात लागतोच कमी. संबळाला माइक देऊ नको. ते चामडं अन् काठी मोकळ्या मैदानात पुरून उरते. एक माइक नायकाला, म्हणजे आख्यान लावणाऱ्या मुख्य गोंधळ्याला, एक त्याच्या जोडीदाराला. झांज माइकपासून लांब उभी कर. कर्णे लावू नको, कर्ण्यातून झांज कानात टोचते. दोन साधे बॉक्स पुढं लोकांकडं तोंड करून अन् एक लहान बॉक्स कलाकारांकडं तोंड करून. हा तिसरा कुणीच लावत नाही. मग नायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तो ओरडतो, अर्ध्या तासात घसा बसतो, अन् गाव म्हणतं, आता पूर्वीसारखे गाणारे राहिले नाहीत. इको बंद. मशीनवाला "थोडा ठेवू का" म्हणाला तरी बंद.

स्टेज कमरेच्या वर नको. पुढं सतरंज्या, खुर्च्या पार मागं. भारूडवाला समोरच्या माणसाला नावानं हाक मारतो, त्याच्या टोपीवर, पोटावर बोलतो, अन् तिथंच कार्यक्रम पेटतो. पुढाऱ्यांचे सोफे पहिल्या रांगेत टाकले की त्यानं बोलायचं कुणाशी? सिल्लोडकडचे भारूडवाले निरंजन भाकरे संत एकनाथांचं 'बुरगुंडा' हे भारूड लावायचे तेव्हा पहिल्या रांगेतला माणूस लपायला जागा शोधायचा. २०२१ च्या एप्रिलात कोरोनाच्या लाटेत ते गेले. तसा माणूस आता आणायचा कुठून? पण ती बैठक मात्र तुझ्या हातात आहे.

डीजेवाल्यांशी भांडू नको. जत्रेची एकच संध्याकाळ माग, अन् मिरवणुकीला हलगी लावता आली तर बघ, तीही आपलीच कला आहे. पहिल्या वर्षी शंभर माणसं बसली तरी पुष्कळ. त्यातली वीस तुझ्या वयाची असली तर पुढच्या वर्षी मंडळ स्वतःहून विचारील.

प्रश्न : आमचं महिला भजनी मंडळ आहे. लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून भजन केलं, पण एकीचं एक अन् दुसरीचं दुसरंच व्हायचं. आता पुन्हा देवळात जमतो. पेटी दोन वर्षं बंद होती, आता काही सूर बोलतच नाहीत. नवीन सुना म्हणतात, मोबाइलवर ट्रॅक लावू, पेटीची कटकटच नको. (परभणी जिल्ह्यातून एक ताई)

ताई, फोनवर एकीचं एक अन् दुसरीचं दुसरं झालं, त्यात तुमचा दोष नाही. आवाज इथून निघून दुसऱ्या फोनवर पोचायला जरा उशीर लागतो. बोलताना तो खपतो, टाळ वाजवताना खपत नाही. सगळ्याजणी अगदी बरोबर गायल्या तरी एकमेकींना उशिरानंच ऐकू येणार.

पेटी बंद राहिली की भात्यात झुरळं शिरतात, उंदीर कडा कुरतडतात अन् सुरांच्या पितळी पट्ट्यांवर धूळ नि गंज बसतो. आधी भाता दाबून धरा अन् हवा कुठून सुटते ते ऐका. हवा सुटत नसेल अन् चार-दोन सूरच मुके असतील तर काम थोडं आहे. पण घरी सुईनं पट्टी खरवडू नका, पट्टी घासली की सूर बदलतो. परभणी, नांदेड, लातूरला वाद्यांच्या दुकानात दाखवा. नीट करून आणली की रोज दहा मिनिटं वाजवा, वाजवता येत नसेल तर नुसता भाता हलवा.

ट्रॅकचं म्हणाल तर सुनांवर रागावू नका. घरी चाल पाठ करायला ट्रॅक चांगला. देवळात नको. एखादी आजी अभंगाचं कडवं विसरते, सगळ्या क्षणभर थांबतात, कुणीतरी ओळ उचलतं. ट्रॅक थांबत नाही, तो पुढं निघून जातो अन् आजी पुढच्या एकादशीला येत नाही. अन् भजनाला रंग चढला की लय वाढते. ती कुणी वाढवायची? पखवाजवाला असतो म्हणून ते होतं. धुम्याला कणीक लावून, सुरात आणून बसलेला माणूस तुमच्या तोंडाकडं बघून वाजवतो. तो गावात असेल तर पेटीआधी त्याला बोलवा. पेटीवाचून भजन होतं, लयीवाचून होत नाही. अन् ट्रॅक मागणाऱ्या सुनेलाच पेटी शिकायला बसवा.

प्रश्न : चांगलं गाणं समोर बसून ऐकायचं तर दर वेळी पुण्यालाच जावं लागतं का? (लातूर)

कशाला? तुम्ही तर लातुरात राहता. २५ नोव्हेंबरच्या सुमाराला अंबाजोगाईला यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह असतो. बसनं जा. तिथल्यासारखे ऐकणारे मी कमी गावांत बघितले, मैफल रंगात असताना कुणी चहाला उठत नाही. दत्तजयंतीला जालना जिल्ह्यात अंबडला जा. गवई गोविंदराव जळगावकरांच्या गावचा तो उत्सव, अन् शास्त्रीय गाणं तिथं घरातल्यासारखं ऐकलं जातं. फेब्रुवारीत नांदेडला संगीत शंकर दरबार. वेरूळ-अजिंठा महोत्सव बरीच वर्षं बंद होता, तो २०२३ च्या फेब्रुवारीत संभाजीनगरला सोनेरी महालात पुन्हा झाला. थाट मोठा, नावं मोठी, पण मागं बसलात तर गवयापेक्षा पडदाच जास्त दिसतो.

मला स्वतःला विचाराल तर फेब्रुवारीत परभणीचा उरूस. तिथं कव्वाली ऐका. टाळ्या धरणारी माणसं कव्वालाच्या पाठीमागं बसलेली असतात, तुम्ही शक्य तेवढं पुढं बसा. अन् नांदेड जिल्ह्यात खंडोबाच्या माळेगावला जत्रेत एकदा तरी जा. घोड्यांच्या बाजारात दिवस काढा, संध्याकाळी लोककला बघा, गरम कपडे न्या.

एक सांगतो. संभाजीनगरचे शास्त्रीय गायक नाथराव नेरळकर २०२१ च्या मार्चात गेले. स्वतःच्याच शहरात राहणाऱ्या त्या माणसाला "पुढच्या वर्षी ऐकू" म्हणत ऐकायचं राहून गेलेले पुष्कळ जण मला भेटतात. तुमच्या यादीत असा कुणी असेल तर यंदाच जा.

प्रश्न : मी शाहीर आहे, वय ६२. मानधनासाठी अर्ज करायचाय. पुरावा मागतात. आम्ही गायलो, त्याचा पुरावा कसा ठेवणार? (जालना जिल्हा)

शाहीर, रामराम. राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांची योजना आहे, महिन्याला ५,००० रुपये. वयाची अट पन्नाशीची अन् कलेत १५ वर्षं घातलेली असावीत, तुम्ही दोन्हीत बसता. चौकशी पंचायत समितीत करा. पुराव्याला जुनी हँडबिलं, जत्रेच्या पत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणं, शाळेनं दिलेलं आभाराचं पत्र, स्टेजवरचे फोटो, सगळं चालतंय का ते दाखवून बघा. तुमच्याकडं नसेल तर तुमच्या ढोलकीवाल्याच्या घरी विचारा. अन् आमच्यासारख्या स्पीकरवाल्यांकडं जुन्या पावत्यांचे गठ्ठे असतात, त्यांवर तारीख, गाव अन् कार्यक्रमाचं नाव लिहिलेलं असतं. तुमच्या तालुक्यातला स्पीकरवाला गाठा, माळ्यावर चढायला लावा. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासकट घ्या, तिची झेरॉक्स घरी ठेवा.