कापलेल्या मालाचे ढीग, तरी गणवेश अपुरे

प्रश्न: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं शालेय गणवेशाचं 20 मशिनींचं युनिट आहे. मे महिन्यात कटिंग टेबलाशेजारी कापलेल्या मालाचे ढीग लागतात, तरी शाळा उघडेपर्यंत ऑर्डर पुरी होत नाही. लीन पद्धतीनं नासाडी कमी होते म्हणतात. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: त्या ढिगापासूनच. लीन म्हणजे नासाडी हटवत काम करण्याची पद्धत, ती टोयोटा या जपानी मोटार कंपनीच्या कामातून आली. तिथल्या ताइइची ओनो यांनी नासाडीचे सात प्रकार सांगितले. गरजेआधी, गरजेपेक्षा जास्त माल करून ठेवणं हा त्यांतला सगळ्यांत वाईट, कारण बाकीची नासाडी त्याच्याआड दडते. कटिंग मास्टर रिकामा बसू नये म्हणून कटिंग पुढे पळतं. मग बंडलं शोधण्यात वेळ जातो, 28 मापाची बाही 30 च्या शर्टाला लागते आणि कॉलर कमी पडल्याचं अगदी शेवटी कळतं.

आधी बंडल लहान करा. समजा, शर्टाची 6 कामं आहेत आणि प्रत्येकाला 1 मिनिट लागतं. 50 नगांचं बंडल पुरं झाल्यावरच पुढे सरकत असेल, तर पहिलं बंडल चेकिंगला 300 मिनिटांनी पोचतं. तोवर पहिल्या मशिनीवर 300 नग होऊन गेलेले असतात. कॉलरचं टोक चुकलं असेल तर तेवढे सगळे उसवायचे! 10 चं बंडल 60 मिनिटांत पोचतं, चूक 60 नगांवर थांबते.

मग घड्याळ लावा. 8 तासांतून जेवण-चहाची 40 मिनिटं वजा जाता 440 उरतात. रोज 220 शर्ट हवे असतील तर दर 2 मिनिटांना एक शर्ट बाहेर पडला पाहिजे. प्रत्येक काम 10 वेळा मोजा. कॉलर जोडायला 3 मिनिटं लागत असतील आणि तिथे एकच मशीन असेल, तर बाकीच्यांनी कितीही हात चालवला तरी दिवसाला 146 च्या वर शर्ट निघणार नाहीत. दुसरं मशीन तिथेच लावा.

दोन मशिनींमध्ये 2 बंडलं मावतील एवढाच ट्रे ठेवा. तो भरला की मागच्यानं थांबायचं आणि पुढच्याला हात द्यायचा. कटिंगही शिलाईला एक दिवस पुरेल इतकंच.

गाडी अडते ती इथे. मजुरी नगावर असेल तर थांबणारा कारागीर म्हणणार, माझा रोज बुडाला. त्याचं म्हणणं रास्त आहे. पहिला महिना आधीच्या सरासरी मजुरीची हमी द्या, नंतर लाइनीतून पास झालेल्या शर्टांवर सगळ्यांचा दर ठरवा. त्याशिवाय नुसते ट्रे मांडलेत तर ढीग पुन्हा उभा राहील.

प्रश्न: मार्कर, म्हणजे कापडावर शर्टाचे भाग मांडायचा आराखडा, नीट बसवूनही कापड जास्त लागतं. कुठे जात असेल?

उत्तर: कटिंगसाठी एकावर एक अंथरलेल्या कापडाच्या थरांची टोकं बघा. दोन्हीकडे 5-5 सेंमी सुटत असेल आणि ते 2-2 वर आणलंत, तर थरामागे 6 सेंमी म्हणजे 60 थरांना 3.6 मीटर कापड वाचतं. टेबलावर टोकांच्या रेघा आखा, पण रेघेला भिडवायला कापड ओढू नका. ताणलेलं कापड कापल्यावर आखडतं आणि माप कमी भरतं. ताग्याच्या शेवटी उरलेल्या तुकड्यावर लांबी आणि तागा नंबर लिहून ठेवा. खिसे त्याच ताग्याच्या शर्टांना लावा, दुसऱ्या ताग्याचा खिसा रंगात वेगळा उठून दिसतो.