लहान गाडीची सवय, मोठी काय हातात येईना

प्रश्न : आधी रिमोटवर चालणारी १/१० ची (म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाएवढी) टू-व्हील ड्राइव्ह, दोनच चाकं ओढणारी बग्गी चालवायचो, आता १/८ घेतलीय. वळणावर बाहेरच जाते, असं का? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : भावा, गाडीत दोष नाही, वजन बघ की. १/१० दीडेक किलोची, १/८ तीन किलोच्या वर, त्यामुळं थांबायला-वळायला तिला जास्त जागा लागते, म्हणून ब्रेक वळणाच्या आधी सरळ रेषेतच मार, मग स्टिअरिंग हळू दे आणि तोंड वळलं की थ्रॉटल (वेग) दे, हिची चारी चाकं ओढतात त्यामुळं बाहेर पडताना मस्त खेचते. आधीच थ्रॉटल दिलास तर पुढची चाकं नुसती घासत सरळ जाणार. बारीक खड्ड्यावर लहान गाडी उडते, ही तुडवत जाते, मला तर हीच जास्त आवडते. फक्त माणसं उभी असतील तिकडं सोडू नको, पायावर बसली तर लई लागतं.