घड्याळ खरं, डायल नंतरची : पैसे परत मागता येतील?

प्रश्न : मी जुनी डायव्हिंगची घड्याळं जमवतो. चार महिन्यांपूर्वी एका संग्राहकाकडून १९६७ चं घड्याळ घेतलं. ‘डायल, काटे, बेझल (काचेभोवतीची कडी), सगळं ओरिजिनल’ असा त्यांचा मेसेज आहे. गेल्या आठवड्यात घड्याळजींनी ते उघडलं. मशीन त्या काळातलंच आहे, पण डायल नंतर बसवलेली आहे. विक्रेते म्हणतात, ‘जुन्या वस्तूला गॅरंटी नसते.’ पोलिसांत तक्रार करू, की गुपचूप पुढे विकून टाकू?

उत्तर : पोलिसांकडे धावू नका. फसवणुकीच्या गुन्ह्यात विक्रेत्याचा हेतू सुरुवातीपासूनच अप्रामाणिक होता, हे दाखवावं लागतं. कदाचित त्यांनाही ते घड्याळ असंच मिळालं असेल.

दिवाणी बाजूला हेतूचा प्रश्न येत नाही. वस्तू विक्री अधिनियम, १९३० चं कलम १५ सांगतं, की वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे. ‘गॅरंटी नसते’ हे घड्याळ बंद पडलं असतं तर ठीक होतं. डायल ओरिजिनल आहे, हे मात्र त्यांनीच लिहून दिलंय.

तुम्ही लिहिलंय, की डायलवर ‘टी स्विस मेड टी’ आहे आणि ठिपके पहाटेपर्यंत चमकतात. ही खूण मोलाची आहे. ‘टी’ म्हणजे ट्रिटियम, ठिपके अंधारात चमकवणारा किरणोत्सर्गी पदार्थ, आणि त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा संपायला लागणारा काळ, सव्वाबारा वर्षांच्या आसपास. १९६७ च्या ट्रिटियमपैकी आज जेमतेम चार टक्के उरलं असेल, त्यामुळे ते रात्रभर चमकणं शक्य नाही. पण हीच खूण उलटूही शकते. समोरचा वकील विचारेल, ‘तुम्ही तर जाणकार, पहिल्याच रात्री दिवा का नाही मालवला?’ भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १९ प्रमाणे साधी काळजी घेऊन सत्य कळलं असतं, तर निव्वळ चुकीच्या माहितीच्या आधारे करार रद्द करणं अवघड होतं. त्यात चार महिने घड्याळ तुमच्याकडे होतं, म्हणजे ते तुम्ही स्वीकारलं असंही ते म्हणतील. तसं ठरलं तरी भरपाई मागता येते : ओरिजिनल डायलच्या आणि या डायलच्या घड्याळाच्या किमतीतला फरक.

म्हणून याच आठवड्यात घड्याळजींकडून फोटोंसह लेखी अहवाल घ्या. मेसेज मूळ फोनवरच ठेवा, कारण कोर्टात ते इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रासह द्यावे लागतात. घड्याळ घालू नका, डायल बदलून घेऊ नका. मग नोटीस पाठवा : पैसे परत द्या, नाहीतर फरक द्या. विक्रेते नेहमी अशी खरेदी-विक्री करत असतील, तर ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. त्याची मुदत दोन वर्षं. आपल्याकडचं एखादं घड्याळ विकणाऱ्या हौशी माणसाविरुद्ध तो चालत नाही.

राहिलं पुढे विकणं. खुशाल विका, पण जाहिरातीत ‘डायल नंतरची’ असं स्पष्ट लिहून. तुम्हाला आता माहीत आहे, म्हणून ‘सगळं ओरिजिनल’ तुम्ही लिहिलंत तर अप्रामाणिक हेतू शोधायला पोलिसांना लांब जावं लागणार नाही.