वाचक विचारतात : सॉफ्टवेअरवाल्यांची महिन्याची बैठक

घरी बसून पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांचं काम करणारे डेव्हलपर, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि गावातल्या दुकानांसाठी, कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे असे तिन्ही प्रकारचे लोक आता मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. महिन्यातून एकदा त्यांनी एकत्र बसावं, एकमेकांना काही शिकवावं, यासाठी धडपडणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी घेतली आहेत.

आम्ही सात-आठ जण आहोत. दर महिन्याला एक व्याख्यान ठेवायचं आहे. एवढ्यांवर सुरू करावं का? वार, वेळ आणि जागा कशी ठरवावी? (एक वाचक, लातूर)

सात-आठ जण पुष्कळ झाले. सुरू करा.

तारखेऐवजी वार ठरवा. ‘महिन्याचा दुसरा रविवार’ म्हटलं की लक्षात ठेवायला काही उरत नाही. व्हॉट्सॲपवर दर महिन्याला ‘या वेळी कधी जमेल?’ असं विचारायला मात्र जाऊ नका. प्रत्येकाची सोय बघता बघता महिना निघून जातो, आणि दोन महिने गेले की गट संपतो.

वेळ सकाळी १०:३० ते १२:४५ ठेवा. उदगीर, निलंगा, अहमदपूरकडून येणाऱ्याला परतीच्या एसटीची धास्ती राहत नाही. एप्रिल-मेमध्ये हीच बैठक ८:३० ला घ्या. बारा वाजता उन्हातून घरी जायचं म्हटल्यावर लोक येतच नाहीत.

वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडर घेऊन बसा आणि पोळा, महालक्ष्म्यांचे तीन दिवस, दिवाळी, विद्यापीठाच्या परीक्षा आणि येळवस यांवर खूण करा. येळवशीला अख्खं लातूर शेतात असतं, त्या दिवशी हॉल उघडून उपयोग नाही. दुसरा रविवार अशा दिवशी आला तर बैठक पुढच्या रविवारी, हा नियम आधीच जाहीर करा. बैठक पुढे ढकलली तर चालते. रद्द केली की लोकांचा भरवसा उडतो.

जागा लहानच बघा. पंधरा लोक येणार असतील तर पंचवीस खुर्च्यांची खोली. दोनशेच्या सभागृहात पंधरा जण मागच्या रांगा धरतात आणि प्रश्न विचारायला कोणी तोंड उघडत नाही. कोचिंग क्लासची खोली मिळत असेल तर रविवारी तिथे चाचणी परीक्षा नाही ना, हे विचारून घ्या. कॉलेजचा हॉल असेल तर प्राचार्यांच्या नावे अर्ज, त्याची पोच आणि रविवारी चावी ज्याच्याकडे असते त्याचा फोन नंबर, हे तिन्ही शनिवारी हातात हवं. बैठका अडतात त्या बहुतेक चावीपाशी.

वेळेची वाटणी अशी करा: १०:४५ ला मुख्य भाषण, तीस मिनिटं. दहा मिनिटं प्रश्न. मग चहा. चहानंतर प्रत्येकी पाच मिनिटांची तीन छोटी भाषणं, आणि उरलेल्या वेळात ज्याचा कोड अडलाय त्याला सगळ्यांनी मदत करायची. चहा शेवटी ठेवू नका. भरल्या खोलीत न विचारलेला प्रश्न माणूस कप हातात आल्यावर विचारतो, आणि त्यानंतर थांबायला कारण उरलेलं असलं पाहिजे.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गटात पहिल्यांदाच अर्धा तास बोलायचं आहे. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्सची ओळख’ हा विषय घेऊ का? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

नका घेऊ. ओळख करून देणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. खोलीतल्या माणसांना तुमच्या हाताखालून गेलेली एखादी अडचण हवी असते. ती लहान असली तरी चालेल, पण खरी असावी. विषय प्रश्नाच्या रूपात एका ओळीत मांडता आला की तो अर्ध्या तासात मावतो.

नमुन्यादाखल एक विषय देतो: ‘मराठी मजकूर आपल्या प्रोग्रॅममध्ये का बिघडतो?’ सुरुवात ‘मराठवाडा’ या शब्दापासून करा. वाचताना अक्षरं पाच दिसतात: म, रा, ठ, वा, डा. पायथनला लांबी विचारली तर उत्तर येतं ८, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षरचिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, काना हा वेगळा कोड आहे. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत ठेवला तर हाच शब्द २४ बाइट घेतो, कारण देवनागरीचा प्रत्येक कोड ३ बाइटचा. आता शब्द उलटा करून दाखवा. पहिलाच काना लोंबकळत येतो, त्याच्याआधी धरायला अक्षरच नसतं. मग जावास्क्रिप्टमधलं इंटल-सेगमेंटर वापरून दिसणारी अक्षरं मोजा, पाच मिळतील. खोलीतल्या प्रत्येकाला इथपर्यंतचं समजतं आणि प्रत्येकाला त्याचा उपयोग आहे.

दुसरा टप्पा एसएमएसचा. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साधी रोमन अक्षरं ७ बिटांची, म्हणून १६० बसतात. देवनागरीचा कोड १६ बिटांचा, म्हणून फक्त ७०. मजकूर लांबला की तुकडे जोडण्याची माहिती प्रत्येक तुकड्यात ६ बाइट खाते आणि ६७ च उरतात. शाळेसाठी किंवा बाजार समितीसाठी मराठी संदेश पाठवणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचं बिल यावरच ठरतं.

तिसरा टप्पा क्रम लावण्याचा. ‘काळे’ आणि ‘कावळे’ ही आडनावं नुसत्या कोडच्या क्रमाने लावली तर काळे आधी येतात, कारण युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर आणि ‘व’च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो, म्हणून कावळे आधी हवेत. मतदार याद्या, हजेरीपट, खातेदारांच्या याद्या अशा सगळ्या ठिकाणी हे आडवं येतं. उपाय म्हणजे डेटाबेसला किंवा प्रोग्रॅमला मराठीचा क्रम स्पष्ट सांगणं.

वेळ उरलाच तर मायएसक्यूएल या डेटाबेसमधला जुना ‘यूटीएफ-८’ प्रकार दाखवा. तो ३ बाइटपर्यंतच घेतो. मराठी त्यात नीट बसते, म्हणून चूक महिनोन् महिने लपून राहते, आणि कोणीतरी इमोजी टाकला की नोंद अडते. ‘यूटीएफ-८ एमबी-४’ घेतलं की प्रश्न मिटतो.

तयारीचं थोडं. स्लाइड बारापेक्षा जास्त नकोत, एका स्लाइडवर कोड पंधरा ओळींपेक्षा जास्त नको, अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको. एडिटरची काळी थीम बंद करा. खोलीत उजेड असला की प्रोजेक्टरवर काळ्यावरची रंगीत अक्षरं पुसट दिसतात, पांढऱ्यावर काळी वाचता येतात. लोकांसमोर कोड टाइप करत बसू नका. प्रत्येक टप्पा गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) टॅग करून ठेवा आणि एकेक उघडत जा. घड्याळ लावून दोनदा मोठ्याने बोलून बघा. मनातल्या मनात वाचलेलं भाषण नेहमीच लहान वाटतं.

बोलणाऱ्याने मराठीत बोलावं की इंग्रजीत? (एक वाचक, बीड)

वाक्य मराठीत, संज्ञा रोज वापरतो त्याच. ‘डेटाबेसवर इंडेक्स टाकला की क्वेरी का पळते’ हे बीडमधल्या कुठल्याही विद्यार्थ्याला कळतं. स्लाइड इंग्रजीत असल्या तरी चालतील. बाहेरचा पाहुणा मराठी जाणणारा नसेल तेवढ्यापुरतंच सगळं इंग्रजीत होऊ द्या. इंग्रजीत बोलावं लागेल या भीतीने जो बोलायला उभाच राहत नाही, त्याच्याकडेच बऱ्याचदा सांगण्यासारखं असतं.

पायथनची कार्यशाळा घेतली. तीस जण आले, पण दोन तास डाउनलोड करण्यातच गेले. कॉलेजचं वायफाय असूनही असं का झालं? (एक संयोजक, छत्रपती संभाजीनगर)

गणित मांडून बघा. प्रत्येकाला दीड जीबी लागत असेल तर तीस जणांचे ४५ जीबी झाले. खरा वेग ५० एमबीपीएस मिळाला तरी त्याला दोन तास लागतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटचं तर नावच काढू नका. बऱ्याच फोनवर दहाएक उपकरणांच्या पुढे जोडणीच होत नाही.

म्हणून सगळं सामान आधीच उतरवून न्यायचं. पायथनची पॅकेजं, म्हणजे तयार कोडचे संच, ती बसवणाऱ्या पिपच्या ‘पिप डाउनलोड’ आज्ञेने एका फोल्डरमध्ये घ्या आणि बसवताना ‘नो-इंडेक्स’ आणि ‘फाइंड-लिंक्स’ हे पर्याय द्या, म्हणजे पिप इंटरनेटकडे जातच नाही. इथे एक चूक हमखास होते. पँडाज, नमपायसारखी पॅकेजं ऑपरेटिंग सिस्टिम आणि पायथनच्या आवृत्तीनुसार वेगळी असतात. लिनक्सवर उतरवलेला फोल्डर विंडोजवर चालत नाही. एकच पायथन आवृत्ती ठरवा, तिचा इन्स्टॉलरही सोबत ठेवा आणि विंडोज, लिनक्स, मॅकसाठी वेगवेगळे फोल्डर करा. डॉकर (प्रोग्रॅम सगळ्या सामानासकट ‘इमेज’मध्ये बांधणारं साधन) वापरणार असाल तर ‘डॉकर सेव्ह’ने इमेजची फाइल करा, समोरच्याने ‘डॉकर लोड’ करायचं. एआरएम चिप असलेल्या मॅकसाठी इमेजही वेगळी लागते.

वाटायचे मार्ग दोन, आणि दोन्ही एकदम वापरा. पहिला पेनड्राइव्ह. चार-पाच तरी हवेत, आणि ते एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेले हवेत, कारण फॅट-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. दुसरा मार्ग स्वतःचा राउटर. त्याला इंटरनेट लागत नाही. एक लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, त्यावर पायथनसोबतच येणारा साधा एचटीटीपी सर्व्हर सुरू करा आणि त्याचा पत्ता फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

पान उघडत नसेल तर क्रमाने तीन गोष्टी तपासा. सर्व्हरच्या लॅपटॉपवर विंडोजची फायरवॉल बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवते, तिथे परवानगी द्या. समोरच्याचा लॅपटॉप ‘इंटरनेट नाही’ म्हणून आपोआप दुसऱ्या वायफायवर गेलेला असतो, त्याला परत आणा. आणि कॉलेजच्या वायफायवरून हेच करू पाहत असाल तर बहुधा ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू असतं. त्यात एका लॅपटॉपला दुसरा दिसतच नाही. त्यावर उपाय शोधण्यात वेळ घालवू नका, स्वतःचाच राउटर लावा.

एवढं करूनही २०० एमबीपीएसच्या वायफायवर ४५ जीबीला अर्धा तास लागतो. म्हणून आठवडाभर आधी यादी पाठवा, आणि जे घरून करून येणार नाहीत त्यांना अर्धा तास लवकर बोलवा.

भाषण चालू असताना वीज गेली. परत आल्यावर प्रोजेक्टर बराच वेळ लागेना. बिघडला का? (एक वाचक, जालना)

बहुतेक नाही. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये दिवा तापलेला असताना आतला दाब इतका असतो की तो पुन्हा पेट घेत नाही. काही मिनिटं थंड व्हावा लागतो. मात्र वीज अचानक गेली की आतला पंखाही थांबतो, आणि असं वारंवार झालं तर दिव्याचं आयुष्य घटतं. एलईडी किंवा लेझर प्रोजेक्टरला ही अडचण नाही.

कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस ३०० वॅटच्या प्रोजेक्टरला जेमतेम काही मिनिटं देतो. नीट बंद करण्यापुरताच तो उपयोगाचा. पूर्ण बैठक चालवायची तर इन्व्हर्टर बघा. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास, प्रत्यक्षात हजार-अकराशे धरा. प्रोजेक्टर ३००, लॅपटॉप ६५, राउटर १५, दोन पंखे १५०, मिळून ५३० वॅट. म्हणजे दोन तास. बॅटरी जुनी असेल तर निम्मंच समजा.

पंचवीस लोकांपर्यंतच्या खोलीत ५५ इंची टीव्ही प्रोजेक्टरपेक्षा उजवा. शंभर-दीडशे वॅटवर चालतो, खिडक्या उघड्या ठेवता येतात आणि वीज आली-गेली तरी लगेच लागतो. सोबत एचडीएमआय केबल पाच मीटरची घ्या, आणि यूएसबी-सीचं कनेक्टर नेणार असाल तर आधी लावून बघा. प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर येतंच असं नाही.

सुरुवातीला चाळीस जण यायचे, आता नऊ येतात. एका कंपनीने खर्च उचलायची तयारी दाखवली आहे, पण दर वेळी त्यांचा माणूस बोलणार, अशी अट आहे. मान्य करावी का? (एक संयोजक, परभणी)

अट मान्य करू नका. कंपनीला सुरुवातीची पाच मिनिटं द्या: आम्ही कोण, आमच्याकडे कोणत्या जागा आहेत, आणि भेटायचं असेल तर चहाच्या वेळी. मुख्य भाषण कोणी करायचं हे गटच ठरवणार, हे लेखी कळवा. त्यांच्याकडचा इंजिनिअर खरंच काही शिकवणार असेल तर त्याचा विषय इतरांसारखाच तपासून घ्या आणि वर्षातून एकदा त्याला बोलवा. पैसे रोख घेऊ नका. चहा-नाश्त्याचं किंवा हॉलचं बिल कंपनीने परस्पर भरावं, म्हणजे गटात हिशेबावरून कटकट होत नाही.

नऊ या आकड्याने खचून जाऊ नका. पहिल्या बैठकीला बघे बरेच येतात, ते जाणारच. आता त्या नऊ जणांकडे बघा. त्यांतले किती जण आजवर बोलले? एक-दोनच बोलले असतील तर दोष तिथे आहे. पुढच्या तीन महिन्यांची नावं आजच लिहून ठेवा, प्रत्येकाला त्याच्या कामातला एक प्रश्न विषय म्हणून सुचवा, आणि एक माणूस राखीव ठेवा, ज्याचं पाच मिनिटांचं भाषण ताणलं तर वीस मिनिटांचं होईल. मुख्य वक्ता आजारी पडला तरी बैठक होते. पुण्याहून पाहुणा आणायचा मोह आवरा, वर्षातून दोनदा पुरे. पाहुण्याच्या सवडीवर बैठक चालायला लागली की ती महिन्याची राहत नाही.

आणखी एक करा. विद्यार्थी परीक्षेमुळे गळतात आणि परत यायला संकोचतात. परीक्षा संपल्यावरच्या पहिल्या बैठकीआधी प्रत्येकाला स्वतंत्र फोन करा. गटावर टाकलेला निरोप त्यासाठी पुरत नाही.