मुंबईत देवळं, मशिदी, चर्च टॉवरांच्या आड गेली. तरी शहराची ओळख त्यांच्यामुळे घडते का?

घडते, पण कळस किंवा मिनार दुरून दिसतो म्हणून नाही. मुंबईत ही ओळख पत्त्यात असते.

मी दादरला, गोखले रोडच्या बाजूला वाढलो. पाहुण्यांना पत्ता सांगताना आई आधी ‘पोर्तुगीज चर्चच्या स्टॉपला उतरा’ म्हणायची, मग गल्ली, मग बिल्डिंग. आमच्या घरात कोणी त्या चर्चमध्ये प्रार्थनेला जात नव्हतं. पण कंडक्टरने ‘पोर्तुगीज चर्च’ पुकारलं की घर आलं, हे मला शाळेच्या वयापासून अंगात मुरलेलं आहे. या चर्चचं खरं नाव अवर लेडी ऑफ सॅल्व्हेशन, स्थापना १५९६ची. आजची इमारत मात्र वास्तुकार चार्ल्स कोरियांची, १९७०च्या दशकातली. काँक्रीटची गोलाकार छपरं, मधे उघडी अंगणं. जुन्या चर्चशी तिचं काही साम्य नाही. मुंबई बेट पोर्तुगिजांच्या हातून जाऊन साडेतीनशे वर्षं उलटली, इमारतही बदलली, पण ठिकाण तेच राहिलं.

मला वाटतं, मुंबईचं हेच वेगळेपण आहे. जिच्या नावावरून आपण ‘मुंबई’ म्हणतो त्या मुंबादेवीचं देऊळसुद्धा मूळ जागी नाही. ते आधी आजच्या सीएसएमटीच्या परिसरात होतं. इंग्रजांच्या किल्ल्यापायी हलवावं लागलं आणि आता झवेरी बाजारापाशी आहे.

मशीद बंदरचंही ऐका. तिथे सॅम्युएल स्ट्रीटवर १७९६ साली बेने इस्रायली समाजाने आपलं पहिलं प्रार्थनास्थळ उभं केलं. हे ज्यू घरात मराठी बोलणारे आणि सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणणारे. स्टेशनाचं नाव त्या जुन्या मशिदीवरून पडलं असं बरेच जण सांगतात. मला हे फार जवळचं वाटतं, कारण शब्द मराठी ज्यूंचा आणि रोज तोंडी साऱ्या शहराच्या.

शिवाय या जागा वार ठरवतात. मंगळवारी सिद्धिविनायकामुळे प्रभादेवीला आणि बुधवारी चर्चमधल्या नोव्हेना प्रार्थनेमुळे माहीमला गर्दी असते, हे टॅक्सीवाल्याला सांगावं लागत नाही. हाजी अलीला तर भरतीची वेळ बघूनच निघायचं, कारण दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते.

अनुभवायचं असेल तर चर्चगेटला उतरा आणि वीर नरिमन रोडने सरळ चाला. किल्ल्याचा जो दरवाजा चर्चकडे उघडायचा तो चर्चगेट. तटबंदीबरोबर तोही १८६०च्या दशकात गेला, त्या जागी आता फ्लोरा फाउंटन आहे. तसेच पुढे हॉर्निमन सर्कलच्या अलीकडे गेलात की ते चर्च भेटेल: सेंट थॉमस, १७१८ सालचं. मुंबईचे जुने मैलाचे दगड तिथूनच मोजलेले आहेत.