डोंगराखाली राक्षस, कड्यात सरदार

प्रश्न : माझी लेक वेल्समध्ये शिकायला आहे, परवा तिथल्या स्नोडन डोंगरावर जाऊन आली. म्हणाली, शिखराखाली राजा आर्थरने मारलेला राक्षस पुरलाय. यात खरं किती? सासूबाई म्हणतायत, आपल्याकडे असे राक्षस कसे नाहीत गो?
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : राक्षसाचं नाव रिटा (हो, बाप्याच!). याला नाद एकच, मारलेल्या राजांच्या दाढ्या कापायच्या आणि त्या दाढ्यांचा अंगरखा शिवायचा. मग आर्थरला, म्हणजे ब्रिटनच्या दंतकथांतल्या राजाला, निरोप गेला की बाबा तू सगळ्यात मोठा राजा, तेव्हा तुझी दाढी सगळ्यात वर लावतो, स्वतःच काढून पाठव, नाहीतर लढायला ये, जिंकेल त्याला अंगरखा आणि हरलेल्याची दाढी. आर्थर गेला, जिंकला, दोन्ही घेऊन आला. ही गोष्ट जेफ्री ऑफ मॉनमथ या पाद्र्याने साधारण 1136 च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिली, तीसुद्धा आर्थरच्या तोंडून, फ्रान्समधल्या माँ सँ मिशेलवर दुसऱ्या एका राक्षसाला मारल्यावर, की रिटानंतर असा तगडा गडी भेटला नव्हता. प्रेतावर दगड रचले आणि त्याचंच शिखर झालं, हे मात्र वेल्समधले लोक सांगतात.

आता खरं किती? आर्थर झालाच असेल तर 5व्या-6व्या शतकात, म्हणजे जेफ्रीच्या सहाशे वर्षं आधी, तेव्हा चिलखतवाले नाइट (घोडेस्वार सरदार) वगैरे काही नव्हतेच, ते सांगणाऱ्यांनी आपल्या काळातले उचलून घातले. आपण नाही का, लेणं दिसलं की पांडवांनी एका रात्रीत कोरलं म्हणून मोकळे होतो, कोरणारे कारागीर बिचारे बाजूलाच.

आर्थरचे सरदारही त्याच डोंगरात आहेत बरं का. शेजारच्या लिवेदच्या कड्यात एक गुहा, तिथे ते हत्यारांसकट झोपलेत, राजा परत येईपर्यंत. एक मेंढपाळ चुकून आत शिरला, डोकं टांगलेल्या घंटेवर आपटलं, सगळे ओरडत उठले, हा जो पळाला तो पुन्हा कधी धड झालाच नाही म्हणतात.

आणि सासूबाईंना आरवलीचा वेतोबा आठवत नाही होय? तुमच्याच तालुक्यातला! माणसाला मान वर करून बघावं लागतं एवढा उंच, रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून भाविक हातभर लांबीच्या चामड्याच्या चपला वाहतात, आणि त्या झिजतात असं गावकरी सांगतात. फरक एवढाच की तिकडच्या धिप्पाडाला मारलं आणि आपल्याकडच्याला केळ्यांचे घड मिळतात, जे मला जास्त पटतं.

स्नोडन 1085 मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा बुटका, आणि वरपर्यंत 1896 पासून रेल्वे आहे, तेव्हा तुम्ही लेकीकडे गेलात तर सासूबाईंनाही न्या. लेकीला फक्त सांगा, गुहा शोधायला लिवेदच्या कड्यावर उतरू नकोस, भिंतीसारखा उभा आहे तो.